विचारून हात धरला तर मजा जाते का?

प्रयोगानंतर चहा पिताना कुणीतरी हमखास विचारतं, "प्रेक्षकाला आधीच विचारून ठेवता, मग त्यात उत्स्फूर्त काय उरलं?" तुम्हीही विचारलंत म्हणून सांगते.

माझ्या एकपात्री प्रयोगात शेवटाकडे मी एका प्रेक्षकाला समोर बसवते, त्याचा हात हातात घेते आणि मिनिटभर गप्प राहते. पूर्वी सरळ पहिल्या रांगेत उतरायचे आणि दिसेल त्याला ओढून आणायचे. टाळ्या पडायच्या. एकदा पन्नाशीच्या एक बाई आल्या, हसतच आल्या. हात धरला तर गार पडलेला, अंगठा मुठीत घट्ट दाबलेला. चेहरा हसराच. शंभर माणसं बघत असताना "नको" कसं म्हणणार? कळलं मला ते. तरीही मी मिनिट पुरं केलं.

यावर लोक स्वतःच्या शरीरालाच कलेचं माध्यम करणारी सर्बियन कलावंत मरिना अब्रामोविच हिचा दाखला देतात. १९७४, नेपल्स. टेबलावर ७२ वस्तू: गुलाब, मध, कात्री, पिस्तूल आणि एक गोळीसुद्धा. सहा तास ती नुसती उभी, लोकांनी तिच्यावर हवं ते वापरावं. कपडे कापले गेले, पिस्तूल तिच्यावर रोखलं गेलं. पण तिनं पणाला लावलं होतं स्वतःचं अंग, आणि जबाबदारी माझी असं आधीच लिहून दिलं होतं. मी पणाला लावला तो त्या बाईंचा हात. आपल्या तमाशातला सोंगाड्यासुद्धा पुढे बसलेल्याची फिरकी घेतो, पण त्याला जागेवरून उठवत नाही.

आता दारातच विचारतो. ज्यांची तयारी असेल ते मनगटाला लाल दोरा बांधतात. वाटलं तर मध्येच सोडून टाकायचा, कारण सांगायचं नाही. मी दोरेवाल्यांतूनच बोलावते, आणि हात धरत नाही; तळवा उघडा करून टेबलावर ठेवते.

मागच्या महिन्यात कॉलेजातला एक मुलगा आला. त्यानं हात पुढे केला, माझ्या तळव्यावर वीतभर अंतरावर धरला, थोडा वेळ तसाच. मग मागे घेतला, दोरा सोडून टेबलावर ठेवला आणि जाऊन जागेवर बसला. प्रकाशयोजना सांभाळणाऱ्याला काही सुचेना. त्यानं झोत तसाच राहू दिला, माझ्या रिकाम्या तळव्यावर. मिनिट आम्ही पुरं केलं.