‘गोळ्या मी देऊ शकत नाही’

सकाळी उठलो तर डाव्या कानाला दडा बसलेला. सर्दी असेल, मळ असेल, म्हणत दोन दिवस काढले. तिसऱ्या दिवशी फोन त्या कानाला लावला तर पलीकडचा माणूस बोलतोय की गप्प आहे तेच कळेना. कानाची तपासणी म्हणजे ऑडिओलॉजिस्ट, एवढंच माहीत होतं. थेट तिकडे गेलो.

बंद खोलीत हेडफोन लावून बसवलं. आवाज आला की बटण दाबायचं. डाव्या कानाची पाळी आली तेव्हा मॅडमनी उजव्या कानात मुद्दाम खरखर सोडली. नाहीतर चांगला कानच दुसऱ्याची उत्तरं देऊन टाकतो म्हणे, परीक्षेतल्या शेजाऱ्यासारखा! मग कानामागच्या हाडावर कंपनाचं यंत्र, मग पडद्यावर हवेचा दाब. आलेखात उजव्या कानाचे लाल गोल वर ओळीत होते. डाव्याच्या निळ्या फुल्या खाली घसरलेल्या, ४००० हर्ट्झला तर पार तळाशी.

“मग गोळ्या लिहून द्या ना,” मी म्हणालो.

“मी नाही देऊ शकत. माझ्या परवान्यात ते येत नाही.”

खरं सांगतो, राग आला. एवढं सगळं तपासून वर हे? निदान श्रवणयंत्र तरी द्या म्हटलं.

“ते माझंच काम आहे, पण आज नाही. मळ नाही, मधला कान ठीक आहे. दोष आतल्या कानात किंवा नसेत आहे, आणि तो अचानक आलाय. कारण शोधणं आणि औषध देणं कान-नाक-घसा डॉक्टरांचं. आजच जा, उद्यावर टाकू नका.” आलेखासोबत तीन ओळींची चिठ्ठी दिली.

डॉक्टरांनी त्याच दिवशी स्टिरॉइड सुरू केलं. अशा वेळी पहिले दोन आठवडे मोलाचे असतात, हे तिथे कळलं. माझे तीन दिवस मळाच्या भरवशावर गेले होते. नसेवर गाठ नाही ना, हे बघायला एमआरआयही झाला. गाठ नव्हती.

मधल्या काळात कुतूहलानं मॅडमना विचारलं, मळ तरी काढता येतो का? तर त्याचंही प्रत्येक देशात वेगळं. कुठे कायदा मुभा देतो, कुठे नाही. ऐकू किती येतं ते मोजणं, तोल तपासणं, यंत्र बसवणं, कानातल्या गुणगुणीवर समुपदेशन, हा त्यांचा प्रांत.

खालचे स्वर बरेच परतले, वरचे नाहीत. पुन्हा त्याच खोलीत गेलो. कानात बारीक नळी घालून यंत्राचा आवाज पडद्यापाशी नेमका किती पोचतो ते मॅडम मोजत होत्या. या खेपेला कुठेही धाडलं नाही. तासभर स्वतःच सेटिंग करत बसल्या.