गॉयडरच्या रेषेपलीकडची गावं

दहिवडीला आईला फोन करून सांगितलं की यंदा आम्ही कॅरव्हॅन, म्हणजे गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर, घेऊन ऑस्ट्रेलियाच्या पार आतल्या भागात चाललोय. तिचा पहिला प्रश्न, "पाऊस किती गं तिकडं?" माणदेशातल्या माणसाला कुठल्याही गावाबद्दल आधी हेच विचारावंसं वाटतं. मी म्हटलं, वर्षाला दीडशे-पावणेदोनशे मिलिमीटर. आमचा तालुका दुष्काळी म्हणतात, तिथेही चार-पाचशे पडतो. आई जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "मग माणसं राहतात कशाला तिथं?"

हा प्रश्न सबंध प्रवासभर माझ्याबरोबर होता.

जूनमध्ये ॲडलेडहून निघालो. इथे तेव्हा हिवाळा असतो, आणि उत्तरेकडे जायचं तर हिवाळ्यातच. कॅरव्हॅनमध्ये पाण्याच्या दोन टाक्या, मिळून 160 लिटर. पहिल्याच दिवशी नवऱ्याने विचारलं, एवढं पुरेल ना? मला काळजी नव्हती. टँकरची वाट बघत वाढलेल्या मुलीला पाणी पुरवायला कोणी शिकवावं लागत नाही. तवा आणि ताटल्या आधी कागदाने पुसायच्या, मग दोन तांबे पाण्यात सगळी भांडी होतात. भाज्या धुतलेलं पाणी बादलीत साठवायचं, त्याने हात-पाय धुवायचे. आठ दिवसांत आम्ही टाकी दोनदाच भरली.

ओरोरू गावाच्या आसपास गॉयडरची रेषा लागते. डोळ्यांना दिसत नाही, पण साऊथ ऑस्ट्रेलियात शेती करणाऱ्या प्रत्येकाला ती माहीत असते. 1865 साली, मोठ्या दुष्काळानंतर, इथले सर्व्हेअर जनरल, म्हणजे जमीनमोजणीचे प्रमुख, जॉर्ज गॉयडर घोड्यावर बसून हजारो किलोमीटर फिरले. कुठली झुडपं कुठे संपतात आणि खारट मातीतलं सॉल्टबुश कुठे सुरू होतं, ते बघत त्यांनी नकाशावर रेषा आखली. रेषेच्या दक्षिणेला गहू पेरा, उत्तरेला भरवसा धरू नका. ती रेषा साधारण वर्षाला 300 मिलिमीटर पावसाच्या हद्दीवरून जाते. हातात पावसाच्या नोंदी फारशा नसताना माणसाने केवळ झाडोरा बघून हे ओळखलं, याचं मला फार अप्रूप वाटतं. आमच्याकडचे जुने शेतकरीही बोरी-बाभळी बघूनच रान ओळखायचे.

पुढे काही वर्षं पाऊस बरा झाला. लोक म्हणू लागले, नांगर जाईल तिथे मागून पाऊस येतो. 1874 मध्ये सरकारने रेषेचं बंधन उठवलं आणि शेतकरी कुटुंबं उत्तरेकडे लोटली. 1880 पासून पाऊस पुन्हा पाठ फिरवून बसला. क्वॉर्न ते हॉकर या रस्त्यावर त्या काळाच्या खुणा आजही उभ्या आहेत: छप्पर नसलेली दगडी घरं, नुसत्या चुलाण्यांची धुराडी, आणि मधल्या मोकळ्या रानात एमू. एका पडक्या घराच्या खिडकीची चौकट अजून शाबूत होती. कोणीतरी ती रंधा मारून, जीव लावून बसवली असणार.

हॉकरला डिझेल भरलं, कॉपलीला क्वांडाँग हे आंबटगोड रानफळ आत भरून भाजलेली 'पाय' (pie) खाल्ली. लिंडहर्स्टपुढे खडीचा रस्ता लागला, तेव्हा टायरमधली हवा कमी केली आणि ताशी पन्नासने गेलो.

तिथून 26 किलोमीटरवर फरीना. हे गाव बघायला मी आले होते. 1878 साली वसवलं, आणि नाव ठेवलं ते लॅटिनमधला 'पीठ' हा शब्द. इथे गव्हाची शेतं डोलतील अशी आशा होती. 1882 मध्ये रेल्वे आली, हॉटेलं, बँक, शाळा झाली. गहू मात्र पिकला नाही. हळूहळू एकेक घर बंद होत गेलं. आज तिथे ट्रान्सकॉन्टिनेंटल हॉटेलच्या दगडी भिंती उभ्या आहेत आणि वर निळं आभाळ.

पण जमिनीखाली जुनी बेकरी आहे. दगडी पायऱ्या उतरून गेलं की लाकडावर पेटणारी भट्टी. 2009 पासून स्वयंसेवक इथे येऊन पडक्या भिंती सावरतात आणि दर हिवाळ्यात काही आठवडे याच भट्टीत पाव भाजतात. बहुतेक जण निवृत्त, स्वतःच्या कॅरव्हॅन घेऊन आलेले. विक्रीचे पैसे डागडुजीला जातात. सकाळी थंडीत रांगेत उभी राहिले. पाव हातात आला तेव्हा खालचा कवच कोळशासारखा कडक आणि आत वाफ. पिठाचं नाव लावलेल्या, एक पोतं गहू न देणाऱ्या गावात ताज्या पावाचा वास सुटला होता. मी तिथेच धोंड्यावर बसून अर्धा पाव नुसता खाल्ला.

मुक्कामाच्या तळावर आंघोळीला लाकडावर पाणी तापवायचा बंब. इथले लोक त्याला 'डाँकी' म्हणतात. मी काटक्या सारल्या आणि धुराच्या वासाने थेट आजीच्या न्हाणीघरात गेले.

फरीनाच्या दफनभूमीत एक कोपरा उंटवाल्यांचा आहे. त्यांचा माग पुढे 55 किलोमीटरवर मरी या गावात लागतो. 1866 मध्ये टॉमस एल्डर या व्यापाऱ्याने कराचीहून शंभराहून जास्त उंट आणि त्यांना हाकणारी माणसं पोर्ट ऑगस्टाला उतरवली. सिंध तेव्हा मुंबई इलाख्यात होता. बलुची, पठाण, पंजाबी, सिंधी, सगळ्यांना इथे सरसकट 'अफगाण' म्हणत. जिथे बैलगाडी जात नव्हती तिथे यांनी पीठ, तारेचे खांब, रेल्वेचे रूळ पोचवले. तरी मरीत रेल्वेच्या एका बाजूला गोरे आणि दुसऱ्या बाजूला उंटवाले नि इथले मूळ रहिवासी, अशी वस्ती वाटलेली होती. हे वाचताना गावकुसाबाहेरची घरं आठवली आणि घशाशी आलं. मरीपुढे उत्तरेकडे जाणारी जुनी रेल्वे 1980 मध्ये बंद झाली. स्टेशनाजवळ जुनी इंजिनं गंजत उभी आहेत, जवळच मशिदीची छोटी प्रतिकृती आणि खजुराची झाडं.

पुढे ऊडनाडाटा ट्रॅक या कच्च्या रस्त्याने विल्यम क्रीक गावाला जायचं होतं. रात्री कॅरव्हॅनच्या पत्र्यावर टपटप सुरू झाली. सकाळी फाट्यावरच्या फलकावर 'रस्ता बंद' लागलं होतं. ओल्या मातीत चाकांचे चर पडले की ते महिनोन्महिने राहतात, म्हणून इथे थोड्या पावसातही रस्ते बंद करतात आणि तरी गेलात तर दंड. हॉटेलच्या व्हरांड्यात गावातली चार माणसं हातात चहा घेऊन नुसती पावसाकडे बघत उभी होती. आम्हीही त्यांच्यात जाऊन उभे राहिलो.

रेंज मिळाल्यावर आईला फोन लावला. "आई, पाऊस आला इथं."

"किती?"

"सहा मिलिमीटर."

"पडू दे बाई," आई म्हणाली. "इकडं अजून थेंब नाही."