सागरेश्वर ते औदुंबर: काळवीट, मगरी आणि आठ बैलांचा नांगर

निघताना वडिलांनी एकच काम सांगितलं होतं. आमच्या घरच्या लोखंडी नांगराचा पंखा, म्हणजे माती उलटी टाकणारा तो वाकडा पत्रा, मधोमध तडकलाय. "त्या बाजूला जातोयस तर कुणाच्या परड्यात पडलेला मिळतो का बघ," म्हणाले. नांगर आता कुणी जुंपत नाही, पण आजोबांनी घेतलेली वस्तू धड असावी एवढीच त्यांची इच्छा. मला सांगली जिल्ह्यातल्या सागरेश्वर अभयारण्यातली हरणं आणि कृष्णेतल्या मगरी बघायच्या होत्या. दोन्ही कामं एकाच रस्त्यावर होतील असं वाटलं नव्हतं. जानेवारीच्या मध्यात दोन दिवस काढले, कराडला बहिणीकडे मुक्काम केला आणि भावजींची मोटरसायकल घेतली.

रस्ता कराड, शेणोली, ताकारी, देवराष्ट्रे असा. पहाटे निघालात तर स्वेटर आणि हातमोजे हवेतच, कृष्णाकाठची थंडी बोटांत शिरते. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. हा गळिताचा हंगाम असतो. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले उसाचे ट्रॅक्टर अंधारात समोर येतात आणि मागच्या ट्रॉलीला दिवा असेलच असं नाही. उजाडायच्या आत आणि दिवस मावळल्यावर गाडी सावकाश चालवा, शक्यतो चालवूच नका. मी उजाडायची वाट बघत शेणोलीला चहाला थांबलो. १९४३ साली प्रतिसरकारच्या तुफान सेनेने सरकारी पगाराची रेल्वे लुटली ती इथेच.

काळवीट दिसला तो अभयारण्याच्या फाटकाच्या बराच अलीकडे, हरभऱ्याच्या रानात. मी कुंपणाच्या आतली हरणं बघायच्या तयारीने आलो होतो, आणि हा गडी उघड्या शेतात उभा! पाठ काळीभोर, पोट पांढरं, पिळाची शिंगं. जवळ चार माद्या चरत होत्या. दुर्बीण लावली तर तो बांधावरच्या तुरीच्या एका काटकीवर डोळ्याजवळचा भाग हळूच घासत होता. तिथल्या ग्रंथीतून वास सोडून नर आपली हद्द आखतात. वाचलं खूप होतं, डोळ्यांनी बघायला त्या सकाळी मिळालं. मी गाडी बंद करून झाडाआड बसून राहिलो. वीसेक मिनिटं तो तिथेच होता.

त्याच्यामागे बांधाला एक लांबट दगड पडलेला दिसत होता. आधी मैलाचा दगड वाटला. नीट बघितलं तर मळणीचा दगडी रूळ! दोन्ही टोकांना कण्यासाठी खोबणी आणि अंगावर उभ्या खाचा. खळ्यावर कणसं पसरून बैलांच्या मागे हा रूळ फिरवायचा.

मी उठलो तशी हरणं उड्या मारत निघून गेली. पलीकडून एक आजोबा आले. "पावणं, हरणं बघाय आलासा व्हय? ती रोज येत्यात. हरभरा माझा, पोट त्यांचं." बोलण्यात राग होता, आणि तो रास्त आहे. अभयारण्याला कुंपण आहे, तरीही जनावरं बाहेरच्या पिकांत येतात आणि नुकसान शेतकऱ्याचं होतं. म्हणून सांगतो, हरणं बघायची म्हणून पिकात पाय घालू नका. रस्त्यावरून, बांधावरून बघा. मालक भेटले तर रामराम घाला, विचारा. मी रुळाबद्दल विचारलं तसा आबांचा चेहरा पालटला. "रूळ काय घिऊन बसलाय, म्होरं हिरीवर चला, मोटंचं समदं दावतो."

ती विहीर या प्रवासातली सगळ्यात मोलाची जागा ठरली. चौकोनी, चिरेबंदी, काठावर दोन मोटांची, म्हणजे बैलांकडून पाणी ओढायच्या चामडी पिशव्यांची, जागा. मोटवणाचे दगडी खांब जागेवर आहेत, चाक गेलंय. मोट रिकामी व्हायची ते थारोळं अजून धड आहे, तळाला हिरवट डाग. त्याच्यामागे बैलांची उतरती धाव, आता गवताने भरलेली. आबांनी हातवारे करून सगळं सांगितलं. जाड नाडा वरच्या चाकावरून यायचा, तो मोटेच्या तोंडाला. बारीक सोंदूर खालून यायचा, तो मोटेच्या निमुळत्या सोंडेला. बैल धावेवरून खाली गेले की भरलेली मोट वर यायची आणि सोंडेतून पाणी थारोळ्यात. बैल धावेवरून खाली उतरताना मोटकरी नाड्यावर बसायचा. "आमचा बा मोटंवर गाणी म्हणायचा. बैलास्नी गाणं पाठ हुतं, थांबलं की ती बी थांबायची." मी फोनवर ध्वनिमुद्रण चालू केलं होतं, त्यांना विचारून. तुम्ही जाल तेव्हा नुसते फोटो काढून परत येऊ नका. कुठला भाग काय म्हणून ओळखतात ते विचारा आणि सांगणाऱ्याच्या आवाजात साठवून ठेवा. नाडा आणि सोंदूर यांतला फरक फोटोत दिसत नाही.

थारोळ्याच्या कडेला उभं राहून खाली डोकावलो तर समोरच्या भिंतीत, चिरा निखळून झालेल्या कोनाड्यात, बदामाच्या आकाराचे दोन पांढरे चेहरे. गव्हाणी घुबडांची जोडी! एक डोळे मिटून होतं, दुसरं आमच्याकडे टक लावून बघत होतं. आबा म्हणाले, लोक अपशकुन म्हणून दगड मारत्यात, म्या मारू देत न्हाई, उंदरं खात्यात ती. दिवसा हे पक्षी उठवले तर कावळे मागे लागतात, म्हणून आम्ही दोन मिनिटांत मागे सरलो. टॉर्च मारू नका, टाळ्या वाजवू नका. अशा विहिरींचे कठडे ढासळलेले असतात, कडेला उभं राहायचं तर आधी पायाखालचा दगड हलतो का ते बघा.

अभयारण्यात पोचायला दहा वाजले, म्हणजे उशीरच झाला. यशवंतराव चव्हाण सागरेश्वर अभयारण्य १०.८७ चौरस किलोमीटरचं, १९८५ साली घोषित झालेलं. हे मूळचं जंगल नव्हे. या डोंगरावर गवतसुद्धा नीट नव्हतं. स्वातंत्र्यसैनिक धों. म. मोहिते यांनी ध्यास घेऊन झाडं लावली, लोकांना जोडलं, आणि मग इथे हरणं आणून सोडली. चितळांचे दोन कळप आणि एक सांबर दिसलं. किर्लोस्कर पॉइंटवरून खाली कृष्णाकाठची ऊस-द्राक्षांची रानं दिसतात, तिथे थोडा वेळ नक्की बसा. आत खाण्याची सोय धरून जाऊ नका, पाणी सोबत घ्या, आणि दिवसाची पहिली किंवा शेवटची वेळ गाठा. पायथ्याची जुनी शिवमंदिरं मात्र भर दुपारीही थंड असतात.

दुपारी कुंडलच्या अलीकडे मागचं चाक बसलं. ढकलत एका पंक्चरच्या दुकानापर्यंत गेलो. दुकानामागे लोहाराची भट्टी, आणि भट्टीला लागून भंगाराचा ढीग. त्यात काय असावं? उसाचा बैलांचा चरक! तीन उभ्या लोखंडी लाटा, वर दात्यांची चक्रं, आडव्या लाकडाची खोबण रिकामी. लाटांमध्ये बोट घालून बघितलं तर आत अजून चिपाडाचा भुगा होता, दगडासारखा घट्ट. दुकानदाराच्या आईने ओळखलं. त्यांच्या माहेरी गुऱ्हाळ होतं. रस मांदणात पडायचा, तिथून काहिलीत, आणि चुलवणात जाळ त्याच चिपाडांचा. बैल रात्रभर गोल फिरायचे.

चरकाच्या खाली अर्धा गाडलेला आठ बैलांचा नांगर. मी कागद लावून वर शिसपेन्सिल घासली आणि गंजाखालची ओतीव अक्षरं उमटली: किर्लोस्कर. जुन्या अवजारांवर नाव-नंबर वाचता येत नसतील तर हेच करा, किंवा खडू घासा. तारेच्या ब्रशने खरवडू नका, उरलीसुरली अक्षरंही जातात.

ज्या मातीत हा नांगर तयार झाला ती तिथून हाकेच्या अंतरावर. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात सायकलींचं दुकान काढलं, मग कडबा कापायचं यंत्र केलं, आणि १९०३ साली लोखंडी नांगर. लोखंडाने जमिनीला विष बाधतं अशी तेव्हा समजूत होती, नांगर पडून राहिले. लाकडी नांगर जमीन चिरत जातो. लोखंडी नांगराचा फाळ खोल जातो आणि पंखा मातीचा अख्खा पट उलटा टाकतो, त्यामुळे हरळी-कुंद्यासारख्या तणांच्या मुळ्या उन्हात पडून मरतात. काळ्या रानात हे दिसलं तेव्हा शेतकऱ्यांनी तो आपणहून घेतला. १९१० साली औंधच्या पंतप्रतिनिधींनी कुंडलचा माळ दिला आणि त्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. वसाहत बाहेरून बघण्यासारखी आहे. कारखाना चालू आहे, परवानगीशिवाय आत जाता येत नाही.

लोहारदादांना पंखा मागितला. किलोच्या भावाने देतो म्हणाले, मी थोडे जास्त दिले. चरकाचं काय विचारलं तर पुढच्या आठवड्यात गाडी येणार, तुकडे करून जाणार. मला तो घेता आला नाही, ठेवायला जागा नाही. गावात शाळा किंवा वाचनालय असेल आणि कुणाच्या ओळखी असतील तर असा एखादा चरक आवारात उभा करण्यासाठी शब्द टाका. भंगारात त्याची किंमत फार नसते.

दुसऱ्या दिवशी पलूस, भिलवडीवरून औदुंबर. दत्ताचं दर्शन घेतलं, घाटावर आलो. नृसिंह सरस्वतींनी चातुर्मास केला ते हे ठिकाण, गर्द झाडी आणि संथ पाणी. मगर दिसायची तर थंडीत, ऊन वर आल्यावर, नऊ ते बाराच्या दरम्यान. रात्रभर गारठलेलं अंग तापवायला ती काठावर येते. मी समोरच्या काठावर तासभर दुर्बीण फिरवली, काही नाही. घाटावर बसलेला नावाडी म्हणाला, "त्यो वंडका बघा, मगाधरनं बघताय त्योच." ज्याला मी पुरात वाहून आलेलं लाकूड समजत होतो त्याने जबडा उघडला! दहा फुटांची असेल. पिवळट तोंड आ करून ती तशीच पडून राहिली, अंगातली जास्तीची उष्णता बाहेर जावी म्हणून. दाताजवळ एक पाणपक्षी चालत गेला आणि मी श्वास धरून बसलो.

इथे हात जोडून सांगतो. या पट्ट्यात मगरींनी माणसांवर हल्ले केले आहेत, पोरं गेली आहेत. पाण्यात उतरू नका, शेवटच्या पायरीवर बसून पाय सोडू नका, नदीकाठच्या गवतात शिरू नका. फोटोसाठी दगड मारून हलवणारी माणसं मी बघितली, त्यांना अडवा. फेब्रुवारीपासून माद्या काठच्या वाळूत-मातीत अंडी घालतात, तेव्हा तर काठापासून लांबच राहा. दुर्बीण नसेल तर पुलावरून बघा, पण पुलावर गाडी उभी करू नका. नावाडी, मासेमारी करणारे, धुणं धुणाऱ्या बाया यांना विचारलं की मगर कुठे आहे ते नेमकं कळतं.

रेल्वेने येणाऱ्यांसाठी पुणे-मिरज मार्गावर ताकारी, किर्लोस्करवाडी आणि भिलवडी ही तिन्ही स्थानकं सोयीची. सगळ्या गाड्या सगळीकडे थांबत नाहीत, तेवढं बघून घ्या. पुढे एसटी आणि वडाप, म्हणजे शेअर जीप, मिळतं, पण बांधावर थांबायचं तर स्वतःची दुचाकी बरी.

पंखा पोत्यात गुंडाळून कॅरियरला बांधून आणला. वडिलांनी रॉकेलने धुतला, नांगरावर धरून बघितला. तीन भोकांपैकी दोन बरोबर बसली. तिसरं पाडायला तो आता आमच्या गावच्या लोहाराकडे दिलाय.