भिंतीवरचा सेन्सर ५० टक्के म्हणतो, तरी कोपरा काळा का पडतो?

थंड देशात राहायला आल्यावर ‘आर्द्रता’ हा शब्द हवामानाच्या बातम्यांतून उठून थेट घरात येतो. तिकडे भारतात खिडक्या उघड्या, आतली आणि बाहेरची हवा जवळपास एकच, त्यामुळे घरातला आकडा कुणी बघत नाही आणि बघायची गरजही पडत नाही. इकडे हिवाळ्यात घर म्हणजे झाकण घट्ट लावलेला डबा. अंघोळ, स्वयंपाक, आत वाळत घातलेले कपडे, माणसांचे श्वास, सगळी वाफ आतच राहते आणि सर्वांत गार कोपरा गाठते. कपाटामागची काळी बुरशी तिथेच सुरू होते. मग पहिल्याच हिवाळ्यात आर्द्रतेचा सेन्सर घेतला जातो, आणि सारखे सेल बदलायला नकोत म्हणून विजेवर चालणारा.

निर्णय योग्यच आहे. सेलवाला सेन्सर सेल वाचवण्यासाठी बहुतेक वेळ झोपलेला असतो आणि आकडा ठरावीक फरकाने बदलला तरच कळवतो. विजेवरचा दर मिनिटाला आकडा पाठवू शकतो, त्यामुळे अंघोळ सुरू झाल्याचं लगेच कळतं आणि एक्झॉस्ट फॅन वेळेवर चालू होतो. झिगबीचा (स्मार्ट उपकरणांना एकमेकांशी बिनतारी जोडणाऱ्या पद्धतीचा) असेल तर तो बहुधा बाकीच्या उपकरणांचे निरोपही पुढे पोचवतो.

घोटाळा आहे तो उष्णतेत. विजेवरच्या उपकरणाच्या पोटात २३० व्होल्टचे ५ व्होल्ट करणारा पुरवठा असतो, वायफायची चिप असते, कधी रिले (विजेने चालू-बंद होणारा स्विच), कधी स्क्रीन. ही सगळी मंडळी गरम होतात आणि त्यांच्या शेजारी, त्याच बंद प्लास्टिकच्या डबीत, आर्द्रतेचा सेन्सर बसवलेला असतो. सेन्सर मोजतो ती सापेक्ष आर्द्रता, म्हणजे त्या तापमानाला हवेत जास्तीत जास्त जेवढी वाफ मावेल त्याच्या किती टक्के आहे ते, आणि हवा तापली की ती उतरते, भले हवेतलं पाणी तेवढंच का असेना.

हिशेब करून बघा. खोली २० अंशांवर आहे, खरी आर्द्रता ६० टक्के. डबीच्या आत ३ अंश जास्त, म्हणजे २३. तिथे तीच हवा ५० टक्के भरते. सेन्सर खोटं बोलत नाही, त्याच्याभोवती खरोखरच ५० टक्के आहे. फोनवर ५० दिसलं की आपण निर्धास्त होतो. पृष्ठभागाजवळची आर्द्रता बराच काळ ८० टक्क्यांवर राहिली की बुरशीला पोषक होतं, असं धरलं जातं. आर्द्रता खरोखर ५० टक्के असती, तर कोपरा १२.६ अंशांपर्यंत गार झाला तरी चाललं असतं. ती ६० असल्यामुळे १५.४ अंशांवरच ती रेषा ओलांडली जाते. जुन्या बाहेरच्या भिंतीचा कोपरा हिवाळ्यात १४-१५ अंशांवर असणं काही नवलाचं नाही.

बरेच उत्पादक यावर उपाय म्हणून सॉफ्टवेअरमधून एक ठरावीक आकडा वजा-अधिक करतात, आणि मला सर्वांत जास्त चीड या गोष्टीची येते. उष्णता ठरावीक नसतेच. ५ व्होल्टच्या साध्या रिलेची कॉइल चालू असताना एकटी साधारण ०.३६ वॅट खाते. हीटिंग चालू झालं, रिले ओढला गेला, डबी तापली आणि आर्द्रता अचानक ‘उतरली’. स्क्रीन उजळली तरी तेच, वायफायचा सिग्नल कमजोर म्हणून चिप जास्त जोर लावू लागली तरी तेच. ठरावीक दुरुस्ती एका स्थितीत बरोबर आणि बाकी सगळ्या स्थितींत चूक.

म्हणून निवडताना पहिला प्रश्न आर्द्रता मोजणारी चिप कोणती हा नाही, ती कुठे बसली आहे हा. पुरवठा वेगळा असावा, म्हणजे साधा यूएसबी अ‍ॅडॉप्टर सॉकेटमध्ये आणि वायरच्या टोकाला सेन्सर. सेन्सरचं टोक डबीच्या बाहेर, निदान खालच्या बाजूला आणि जाळीच्या मागे हवं, कारण गरम हवा वर जाते. स्मार्ट प्लग, स्विच किंवा थर्मोस्टॅट यांच्यात फुकट मिळणारा आर्द्रतेचा आकडा ट्रेंड बघायला ठीक आहे, त्यावर निर्णय घेऊ नका.

मग चिप. डीएचटी११ या स्वस्त चिपची अचूकता ±५ टक्के, तो सोडूनच द्या. डीएचटी२२ कागदावर बरा असतो, पण नगानगात फरक पडतो. बॉशचा बीएमई२८० ±३, सेन्सिरियनचा एसएचटी३१ ±२ आणि एसएचटी४५ ±१ टक्का. घरासाठी एसएचटी३१ पुरेसा आहे. एसएचटी४५ घेऊन तो गरम डबीत कोंबण्यापेक्षा एसएचटी३१ वायरच्या टोकाला लावलेला कधीही चांगला.

स्वतः जोडायचं असेल तर ईएसपी३२ बोर्ड (वायफाय असलेला छोटा कंट्रोलर), ईएसपीहोम (त्यावर चालणारं फुकट सॉफ्टवेअर) आणि ३० सेंटिमीटर चार तारांची वायर एवढं सामान लागतं. चार तारा म्हणजे ३.३ व्होल्ट, ग्राउंड, डेटा आणि क्लॉक. डेटा आणि क्लॉक शेजारी ठेवू नका, मध्ये ग्राउंडची तार घ्या, नाहीतर लांब वायरवर चुका येतात. तरीही आल्या तर या तारांवरून माहिती जाण्याचा वेग (बसचा वेग) कमी करा. वाचन दर ६० सेकंदांनी पुरे. एक गोष्ट मात्र जिवाची: स्मार्ट प्लग उघडून त्यातून सेन्सरची तार बाहेर काढू नका. अनेक प्लगमधला पुरवठा मेन लाइनपासून विलग नसतो, म्हणजे ती ‘३.३ व्होल्ट’ची तार हाताला २३० व्होल्टचा झटका देऊ शकते.

सेन्सर गरम डबीत अडकलेलाच असेल, तर एक वाट आहे. तापलेल्या सेन्सरची आर्द्रता खोलीच्या दृष्टीने चुकते, पण दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं पाणी व्हायला लागतं तो) चुकत नाही, कारण हवेतली वाफ तेवढीच असते. २३ अंश आणि ५० टक्के असो की २० अंश आणि ६० टक्के, दवबिंदू साधारण १२ अंशच येतो. त्यामुळे त्याच चिपचं तापमान आणि आर्द्रता घेऊन दवबिंदू काढा (मॅग्नस सूत्र, स्थिरांक १७.६२ आणि २४३.१२), मग दुसऱ्या चांगल्या थर्मामीटरवरच्या खोलीच्या तापमानाला आर्द्रता परत काढा. अट एकच, दुरुस्ती न केलेलं मूळ तापमान मिळायला हवं. काही तयार उपकरणं ते लपवतात.

तपासणी मिठाने करा. बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, पाण्याचे थेंब टाकत ओल्या वाळूसारखं करा. वर पाणी तरंगलं तर जास्त झालं. हे झाकण छोट्या काचेच्या बरणीत ठेवा, सेन्सरचं फक्त टोक आत सोडा, मिठाला चिकटू देऊ नका, आणि वायरची फट चिकटपट्टीने बंद करा. सिलिकॉन सीलंट लावू नका, त्याच्या वाफा सेन्सर बिघडवतात. रात्रभर स्थिर तापमानात ठेवा. २० ते २५ अंशांत आकडा ७५ च्या किंचित वर यायला हवा. ७१ आला तर ४ ची दुरुस्ती, पण ती त्याच पातळीपुरती. खालच्या टोकाला मॅग्नेशियम क्लोराइड वापरा, ते ३३ टक्के देतं. मग दोन्ही बिंदूंतून रेषा काढा, ईएसपीहोममध्ये त्यासाठी फिल्टर आहे.

पाच-दहा टक्क्यांसाठी एवढा खटाटोप कशाला, असं तिकडे बसून वाटणं साहजिक आहे. पण बंद घरात कोपरा ओला की कोरडा हे त्या पाच-दहा टक्क्यांतच ठरतं. आणि सकाळी खिडक्या सताड उघडायच्या आपल्या सवयीला इकडे कुणी हसलं, तर त्यांना हा हिशेब दाखवा: बाहेर शून्य अंश आणि ८० टक्के असलेली हवा आत येऊन २० अंशांवर तापली की जेमतेम २१ टक्के उरते.

जागेबद्दल थोडं. छातीच्या उंचीला, आतल्या भिंतीवर, रेडिएटर आणि ऊन दोन्हींपासून दूर. भिंतीतल्या बॉक्समध्ये बसवत असाल तर वायरच्या नळीचं तोंड बुजवा, नाहीतर पोकळीतून येणारी गार हवा मोजली जाते. बाथरूममध्ये अ‍ॅडॉप्टर बाहेरच ठेवा आणि फक्त सेन्सरची वायर आत न्या. ताज्या रंगाच्या खोलीत मात्र वास पूर्ण जाईपर्यंत सेन्सर लावू नका.