आभाळ कोरडं, पाणी दारात

मे २०२०. बोट्स्वानातल्या माउन गावाहून पहाटे निघालो तेव्हा गाडीच्या काचेवर दव होतं आणि अंगात लोकरी स्वेटर. आमच्या माणदेशात याच दिवसांत टँकरच्या वाटेकडे डोळे लावून घागरी रांगेत बसलेल्या असतात. बोट्स्वानात मात्र हिवाळा तोंडावर आलेला असतो. पाऊस एप्रिलपर्यंत आटोपतो, आणि पुढचे कितीतरी महिने आभाळ धुतल्यासारखं निळं राहतं.

आदल्या रात्री कॅम्पवरून निरोप आला होता. टाकीत पाणी चढत नाही, हत्तींनी पाइप उपसलाय.

ओकावांगो नदीच्या पाणथळीतल्या सफारी लॉजची सोलर आणि पंपाची कामं मी करतो. त्या पाणथळीत विजेचे खांब जात नाहीत. पाहुण्याला तंबूत मिळणारं गरम पाणी, पेल्यातला बर्फ, उशाशी जळणारा दिवा, हे सगळं पॅनेल, बॅटऱ्या आणि एका बोअरवर चालतं. पण त्या मे महिन्यात पाहुणे नव्हतेच. कोरोनामुळे सीमा बंद, विमानं बंद. एरवी जिथे छोटी विमानं रिक्षासारखी येजा करतात, तिथल्या धावपट्टीवर गवत वाढलेलं. कॅम्पवर चारच माणसं राहिली होती, आणि माणसांचा वावर थांबलाय हे जनावरांनी पंधरा दिवसांत ओळखलं होतं.

माउन सोडल्यावर थोड्या अंतराने डांबर संपतं आणि वाळू सुरू होते. चाकांतली हवा कमी करायची, गिअर खालचा ठेवायचा आणि कुठेही थांबायचं नाही. वाटेत कुंपणाचं फाटक लागतं. पलीकडच्या रानरेड्यांकडून अलीकडच्या गुरांना लाळ्या-खुरकूत होऊ नये म्हणून हे कुंपण मैलोन् मैल घातलेलं आहे. आमच्याकडे लाळ्या आला की बाजार बंद होतो, इथे त्यासाठी अख्खा मुलूख दोन भागांत वाटलाय. फाटकापलीकडे मोपानीच्या झाडांचं रान, आणि मग एकेक करून बेटं.

बेटं म्हणतोय खरं, पण त्या दिवशी त्यांच्याभोवती पाणी नव्हतं. आदल्या वर्षीचा, २०१९ चा दुष्काळ मी डोळ्यांनी पाहिला होता. माउनमधून वाहणारी थामलकाने नदी मी चपला न भिजवता ओलांडली होती. माउनच्या आसपास पाणघोडे चिखलात रुतून पडलेले होते, आणि त्यांच्या पाठीवरचा चिखल वाळून तडकला होता. मला तेव्हा रात्री झोप लागत नसे. दुष्काळ बघत वाढलेल्या माणसाला दुसऱ्याच्या गावचा दुष्काळही परका वाटत नाही.

ओकावांगोचं पाणी इथल्या पावसाचं नसतंच, हे इथे आल्यावर कळलं. पाऊस पडतो अंगोलाच्या डोंगराळ भागात, जानेवारी-फेब्रुवारीत. कुबांगो आणि क्विटो या नद्यांमधून ते पाणी हजार-बाराशे किलोमीटर खाली उतरतं, मोहेम्बोजवळ बोट्स्वानात शिरतं आणि मग पपायरस नावाच्या उंच लव्हाळ्याच्या दाट वनात त्याची चाल मंदावते. जमीन इतकी सपाट की उतार डोळ्यांना दिसत नाही. त्यातून झिरपत, पसरत, खालच्या टोकाला पोचायला त्याला आणखी महिने लागतात. त्यामुळे जून ते ऑगस्ट, म्हणजे ऐन कोरड्या हिवाळ्यात, हा प्रदेश भरून येतो. समुद्राला एक थेंब मिळत नाही. बहुतेक पाणी हवेत उडून जातं, थोडं वाळूत मुरतं. युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत २०१४ मध्ये नोंदलं गेलेलं हजारावं ठिकाण ते हेच.

कॅम्पवर तात्या वाट बघत उभे होते. हे नाव मी मनात ठेवलेलं. समोर मी त्यांना 'रा' म्हणतो, इथे वडीलधाऱ्या पुरुषाला तसंच म्हणतात आणि बाईला 'म्मा'. ते मला 'न्ग्वानका' म्हणतात, म्हणजे लेकरा. तात्या बायेई समाजाचे. मोकोरो, म्हणजे लांब काठीने ढकलत न्यायची उथळ होडी, या पाण्यात आणली ती त्यांच्याच पूर्वजांनी, असं सांगतात.

बोअर बेटाच्या काठाला आहे, टाक्या पार आत. पाइप तीन ठिकाणी उघडा पडला होता. बोअर टाक्यांजवळच का घेतला नाही, असं मला नवीन पोरं विचारतात. बेटाच्या काठावरची मोठी झाडं गोडं पाणी ओढून घेतात आणि क्षार मागे ठेवतात. ते साठत साठत बेटाच्या पोटात जमतात. म्हणून कितीतरी बेटांच्या मधोमध पांढरट टक्कल असतं, तिथे झाड उगवत नाही आणि खालचं पाणी तोंडात धरवत नाही. सांगलीकडची क्षारपड शिवारं ज्याने बघितली आहेत त्याला हे पटकन समजेल. शिवाय अशी कितीतरी बेटं उभी राहिली ती वाळवीच्या वारुळांवर. पुरात वारूळ कोरडं राहतं, त्यावर पक्षी बी टाकतात, झाड येतं, झाडाभोवती माती अडते.

पाइप दोन फूट खोल पुरलेला होता. हत्तीला तो वासाने सापडतो की आतल्या पाण्याच्या आवाजाने, यावर तात्यांचं आणि माझं कधी एकमत झालं नाही. पायाने वाळू उकरायची, सुळा घालून पाइप उचकटायचा आणि फुटला की निवांत प्यायचं. बोट्स्वानात हत्ती १ लाख ३० हजारांच्या आसपास आहेत. जगात एका देशात इतके कुठेच नाहीत. कोरड्या वर्षात त्यांना पाइपला हात लावू नका म्हणून सांगणारा मी कोण?

दोन सांधे अकरापर्यंत झाले. फुटका तुकडा कापायचा, टोकं पुसायची, कपलर चढवून आवळायचा. वाळूचा एक कण आत राहिला तरी गळती सुरू होते. तिसऱ्या खड्ड्यात मी गुडघ्यावर बसलो होतो, तात्या वर उभे.

"एमा," ते हळूच म्हणाले. थांब.

मान वळवली. वीस-पंचवीस पावलांवर नर उभा होता. उजवा सुळा अर्ध्यात मोडलेला, कान पसरलेले. मोपानीचा पाला पायाखाली येऊनही त्याचा आवाज आला नव्हता. तात्यांच्या हातात काठीसुद्धा नव्हती. गाडी त्याच्या पलीकडे.

पळायचं नाही हे मला माहीत होतं, पण पाय ते ऐकायला तयार नव्हते. तात्यांनी हात मागे करून तळवा माझ्याकडे धरला, आणि मी त्या तळव्याकडे बघत राहिलो. त्यावरच्या रेघा मला अजून आठवतात. खड्ड्यात गळालेल्या पाण्याचं थारोळं होतं, मी त्यातच बसलो होतो. त्याला ते पाणी हवं होतं आणि मध्ये मी होतो.

त्याने डोकं झटकलं. कान अंगावर आपटल्याचा आवाज गोणपाट झटकल्यासारखा आला. एक पाऊल पुढे. मग सोंड वर गेली. मला वाटलं, आता आमचा वास घेतोय. पण सोंडेचं टोक आमच्याकडे नव्हतंच. ते वायव्येला वळलं, तिथेच थांबलं, थोडं खाली आलं, पुन्हा वर गेलं. किती वेळ गेला सांगता येणार नाही. कान मिटले. तो वळला आणि झपाझप चालत निघून गेला. इतक्या घाईने चालणारा एकटा नर मी तोवर पाहिला नव्हता.

मी खड्ड्यातून उठेपर्यंत तात्या आभाळाकडे बघत होते. झाडांच्या शेंड्यांवर बगळे आणि करकोचे घिरट्या घालत होते, एकेक करून खाली उतरत होते.

"मेत्सी," तात्या म्हणाले. पाणी.

मी कपलर आवळला, पंप चालू केला, सांधा कोरडा आहे हे बोट फिरवून बघितलं. तात्यांना घाई झाली होती, पण ते थांबले. मग आम्ही गाडी काढली. स्वयंपाकघरातल्या म्मा आणि दोघं पोरगेही मागे चढले.

दीडेक किलोमीटरवर मोलापो आहे. पुराच्या पाण्याने भरणाऱ्या सखल पट्ट्याला इथे मोलापो म्हणतात. सकाळी मी याच पट्ट्याच्या खालच्या अंगाने गाडी घातली होती, धूळ उडत होती. आता गवतातून एक काळसर जीभ पुढे सरकत होती. पाण्याचा लोंढा वगैरे काही नव्हता. लंगडणारा माणूससुद्धा त्याच्या पुढे गेला असता. तोंडाशी फेस, काटक्या, वाळकं गवत, लेंड्या, आणि जीव वाचवत धावणारे हजारो किडे. त्या किड्यांसाठी बगळे रांगेने पुढे पुढे चालत होते. पाणी एखाद्या बिळापाशी आलं की आत उतरायचं, थांबायचं, बिळातून बुडबुडे यायचे, हिस्स असा आवाज व्हायचा, आणि बीळ भरलं की जीभ पुन्हा सरकायची. वाळू आधी स्वतः पिऊन घेत होती, मग पुढे सोडत होती. पलीकडच्या अंगाला आमचा मोडक्या सुळ्याचा नर सोंड सोडून पीत होता. आमच्याकडे त्याने पाहिलंही नाही.

म्मांनी बूट काढले आणि पाण्याच्या वाटेत अनवाणी उभ्या राहिल्या. पाणी बोटांना लागलं तेव्हा त्या मोठ्याने ओरडल्या, "पुला!" पुला म्हणजे पाऊस. इथे आशीर्वाद देतानाही तोच शब्द, आणि देशाच्या चलनालाही तेच नाव. ढग नसलेल्या आभाळाखाली चौघं पुला पुला ओरडत होते आणि मला हुंदका आवरत नव्हता.

तात्या उकिडवे बसले, ओंजळीत पाणी घेतलं, तोंडावर मारलं. मग बोलत राहिले. लहानपणी त्यांच्या घरची शेती मोलापोतच असायची. पूर ओसरला की ओल्या जमिनीत मका टोचायचा, पावसाची वाट बघायची नाही. मी त्यांना सांगितलं, आमच्याकडे धरणाचं पाणी मागे हटलं की गाळात पेरतात, त्याला गाळपेर म्हणतात. त्यांनी तो शब्द दोनदा म्हणून बघितला. 'ळ' जमला नाही, पण पेरणं म्हणजे काय ते मी हाताने दाखवलं तेव्हा हसून त्यांनी माझा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. म्हणाले, आता तुझ्या पाइपला कोणी हात लावणार नाही.

संध्याकाळी पाच वाजता टाकी भरली. कॅम्पच्या नेटवरून घरी फोन लावला. तिकडे साडेआठ झाले होते, आबा अंगणात बाजेवर होते.

"आबा, इथं पाणी आलं. सकाळी गाडी नेली त्या जाग्यावर दुपारी पाणी."

"पाऊस झाला म्हण की."

"न्हाई आबा. आभाळात टिपूस न्हाई. वर दुसऱ्या देशात पडला होता, चार महिन्यांमागं. त्योच आज इथं पोचला."

ते जरा वेळ गप्प राहिले. मागे कुत्रं भुंकत होतं.

"मंजी आवर्तन सुटलं," आबा म्हणाले. "टेलपतूर पोचतंय का पर?"

आम्ही टेलचेच. आमच्या शिवारात पाटाचं पाणी कधी येतं, कधी वरच्या गावातच संपतं.

"पोचतंय आबा," मी म्हणालो. "मी टेललाच उभा हाय."