डिस्क ब्रेकची बोंब, भाकरीचा तवा आणि उद्यमनगरातले मामा

गेल्या पावसाळ्याच्या शेवटी पन्हाळ्यावरनं उतरताना माझ्या सायकलीच्या पुढच्या ब्रेकनं पहिल्यांदा बोंब मारली. बोंब म्हणजे खरंच बोंब. वाघबीळच्या अलीकडच्या वळणाला ब्रेक दाबला आणि कडेला कणसं भाजत बसलेली मावशी उठून उभीच राहिली, तिला वाटलं मागनं एसटी घसरत आली. सोबतचे दोघं हसून हसून बेजार, मी मात्र घाबरलो होतो, कारण आवाज येत होता तो येत होता पण ब्रेकपण नीट लागत नव्हता, दोन्ही हातांनी लिव्हर आवळून कसाबसा खाली आलो.

सायकल साधीच, केबलवाले डिस्क ब्रेक असलेली रोडबाईक. हायड्रोलिक नाही, त्यामुळं तेल नाही, नळीतली हवा काढायचं ब्लीडिंग नाही, म्हटलं यात बिघडणार काय? चिखल बसला असंल. घरी येऊन पाणी मारलं, दुसऱ्या दिवशी सुकल्यावर राजारामपुरीत गल्लीतच दाबून बघितला तर गल्लीतली कुत्री एकदम उठली.

मग सुरू झाला उपायांचा हप्ता. ग्रुपवर विचारलं तर एकानं सांगितलं कॅलिपरचे, म्हणजे चकतीला दोन पॅडनी पकडणाऱ्या चिमट्याचे, दोन बोल्ट ढिले कर, ब्रेक दाबून धर आणि तसाच आवळ. केलं, फरक शून्य. दुसरा म्हणाला रोटर, म्हणजे चाकावरची ती चकती, स्पिरिटनं पूस. घरात स्पिरिट नव्हतं, कोरोनातली सॅनिटायझरची बाटली होती, तीच कापसावर घेऊन पुसलं आणि आवाज आणखी सुरात आला. नंतर कळलं की सॅनिटायझरमध्ये हात कोरडे पडू नयेत म्हणून ग्लिसरीन घालतात, म्हणजे मी रोटर साफ करत नव्हतो, त्याला क्रीम लावत होतो.

तिसऱ्याचा उपाय सगळ्यात भारी. पॅड काढून तव्यावर तापव, आतलं तेल जळून जातं. आई देवळात गेली होती तेवढ्यात भाकरीच्या तव्यावर दोन्ही पॅड ठेवले. मिनिटभर काहीच नाही, मग पॅडच्या काळ्या तोंडावर बारीक बारीक थेंब वर यायला लागले, घाम सुटावा तसे, आणि त्या थेंबांतनं निळसर धूर. वास असला की खिडक्या उघडूनही संध्याकाळपर्यंत गेला नाही. आई आल्यावर काय झालं ते इथं लिहीत नाही, नवीन तवा लक्ष्मीपुरीतनं मीच आणला. ब्रेक दोन दिवस गप बसला आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा चालू.

पण ते थेंब डोक्यातनं जाईनात. केबलच्या ब्रेकमध्ये तेल आलंच कुठनं?

शिवाजी उद्यमनगरात आमच्या ओळखीचे एक मामा आहेत, लेथवर हयात गेली. डिस्कवाली सायकल त्यांनी कधी खोलली नव्हती, पण मशीनचा आवाज ऐकून बेअरिंग सांगणारा माणूस, म्हणून सायकल घेऊन शेडवर गेलो.

"आवाज किती परकारचे येतात?" पहिलाच प्रश्न.

"एकच मामा, लय मोठा."

"गप. मागलं चाक उचल, फिरीव."

फिरवलं तर मागनं बारीक टिंग... टिंग... टिंग. पुढच्या बोंबेपुढं हे मला महिनाभर ऐकूच आलं नव्हतं. मामा म्हणाले, एका फेऱ्याला एकदाच वाजतंय म्हणजे रोटर एका जागी आउट आहे, वाकलाय, कॅलिपर सरकला असता तर सतत खस्स खस्स केलं असतं. त्यांनी कॅलिपरच्या मागं कोऱ्या बिलाचा पांढरा कागद धरायला लावला आणि पुढनं बॅटरी मारली. रोटर आणि पॅडच्या मधली फट अशी स्वच्छ दिसली की मी इतके दिवस मोबाईलचा टॉर्च लावून नुसता काळोखच बघत होतो हे कळलं. फट एका बाजूला येऊन मिटत होती, पुन्हा उघडत होती. मग हौसेनं वाक मोजायचा डायलपण लावला, 0.3 मिमीच्या आसपास आउट. जाडी मोजली ती 1.7 मिमी भरली, म्हणजे रोटर बदलायचं कारण नव्हतं, नवीन 1.8 असतो आणि 1.5 च्या खाली गेला की टाकायचा. अॅडजस्टेबल पान्याला स्वच्छ फडकं गुंडाळून त्यांनी तेवढीच जागा एवढ्याशा झटक्यानं सरळ केली, फिरवून बघ, पुन्हा झटका, असं पाच-सहा वेळा. वाकला कसा म्हणाल तर गौरीच्या बाजाराला गाडीच्या डिकीत चाक काढून ठेवलं होतं आणि वर नारळाचं पोतं, अजून काय.

गंमत म्हणजे तरीही चढाला उभं राहून पॅडल मारलं की टिंग यायचाच. त्याचं कारण मी घरी शोधलं आणि ते इतकं फालतू होतं की मामांना सांगायची लाज वाटली. चाक बसवताना सायकल उलटी करून क्विक रिलीज, म्हणजे चाक आवळायचा खटका, आवळला होता, त्यामुळं एक्सल एका बाजूनं नीट खाचेत बसलाच नव्हता. सायकल सरळ उभी करून, ढिला करून, वरनं दाब देऊन पुन्हा आवळला आणि टिंग गेला. खरं तर हे सगळ्यात आधी बघायला पाहिजे होतं, पाना वगैरे नंतर.

आता पुढचा ब्रेक. मामांनी पुढचं पॅड नखानं खरवडलं, वास घेतला आणि विचारलं, "ह्याला पॉलिश कोण मारलं?"

तेव्हा ट्यूब पेटली. पन्हाळ्याच्या आदल्या आठवड्यात चिखलानं भरलेली सायकल मी मोटरसायकलच्या वॉशिंग सेंटरवर नेली होती. पोरानं फोम मारला, प्रेशरनं धुतली आणि शेवटी प्रेमानं चमकायचा स्प्रे सगळीकडं, टायरला, सीटला, रोटरलापण. मी त्याला वर दहा रुपये दिले होते. पॅड हे स्पंजासारखं तेल पिऊन घेतं, मग ते रोटरला धरतं-सोडतं, धरतं-सोडतं, ओलं बोट काचेच्या ग्लासाच्या कडेवर फिरवल्यावर ग्लास गातो ना तसं, आणि पुढचा फोर्क त्याचा भोंगा होतो. आवाज आणि कमी पकड दोन्ही एकत्र आलं तर आधी तेलाचाच संशय घ्यायचा, हे मला तेव्हा कुणी सांगितलं असतं तर तवा वाचला असता.

पॅड टाकून दिले. पॉलिश पेपरवर घासून वरचा थर काढता येतो, पण तेल आत मुरलेलं असलं तर ते परत वर येतं, आणि घाटात जीव त्याच्यावर सोडायचा असतो. दुकानात मेटलचे पॅड जास्त टिकतात म्हणून तेच हातात दिले, नशीब रोटर बघितला, त्याच्या दांडीवर बारीक अक्षरात रेझिन पॅड ओन्ली कोरलेलं, म्हणजे फक्त रेझिनचे मऊ पॅड. असल्या मऊ रोटरला मेटल पॅड खाऊन टाकतात. रेझिनचे घेतले, साडेचारशे गेले. मोबाईल रिपेअरवाल्याकडनं आयसोप्रोपिल अल्कोहोलची छोटी बाटली घेतली, रोटर दोनदा पुसला, मधे बारीक पॉलिश पेपर हलका फिरवला, आणि सगळं हातमोजे घालून, कारण बोटाचं तेलपण पुरतं.

बसवताना अजून एक कळलं. या ब्रेकात बाहेरचंच पॅड हलतं, आतलं जाग्यावर गप बसलेलं, त्यामुळं आतल्या पॅडची फट एल-कीनं अगदी कागदाएवढी ठेवायची, नाहीतर ब्रेक दाबला की रोटरच वाकून तिकडं जातो. आमच्या दुकानदारानं कायम नुसती केबल ताणून दिली होती.

नवीन पॅड लगेच घाटात नेले नाहीत. पहाटे विद्यापीठाच्या बाजूच्या मोकळ्या रस्त्यावर 25 च्या स्पीडला यायचं, हळूहळू दाबत चालायच्या स्पीडपर्यंत आणायचं, चाक लॉक करायचं नाही, पूर्ण थांबायचं नाही, असं 20 वेळा. फिरायला आलेले एक आजोबा म्हणाले, "बाळा, बरा हाईस न्हवं?" दहाव्या वेळेपासून पकड वाढलेली हाताला कळत होती.

पुढच्या रविवारी पुन्हा पन्हाळा. धुक्यात रोटर ओला होता तेव्हा पहिले दोन ब्रेक थोडं किंचाळले, पाणी पुसलं गेलं आणि मग गप. कणसाच्या मावशीनं मान वर करून बघितलंपण नाही. वाघबीळला थांबलो तर पुढनं टिक... टिक... टिक. मित्र म्हणाला, आला बघ परत. म्हटलं अरे तापलेला रोटर निवतोय, त्याचा आवाज आहे, हात लावू नकोस. तोपर्यंत त्यानं लावलेला होता.