तुम्ही विचारलंत म्हणून: माझं हे भडकणं, थिजणं स्कूटरच्या अपघाताने झालं, की आधीपासूनच होतं?

लग्नकार्यात, हळदीकुंकवाला, दवाखान्याबाहेरच्या बाकावरसुद्धा हाच प्रश्न. सहा वर्षं मी फाइल पुढे करत आले. सीटी स्कॅन बघा, कपाळामागे मेंदूला मार आहे, मग विचारा. आज फाइल न काढता सांगते.

स्कूटर कशी घसरली ते तुम्हाला ठाऊक आहे. टाके निघाले, सगळे म्हणाले, वाचलीस. फोडणी करपली तरी मला वास येत नव्हता, ते कुणाला दिसणार?

जानेवारी २०२०. मुलगा स्वयंपाकघरात पाटावर बसून तेराचा पाढा म्हणत होता. तेरा सातेला अडकायचा, पुन्हा पहिल्यापासून सुरू. कुकरची शिट्टी झाली आणि माझ्या हातातला स्टीलचा पेला मी भिरकावला. रागाच्या भरात, असं सासूबाई अजून सांगतात. पण राग चढायला क्षणभर तरी लागतो, इथे तेवढाही गेला नाही. पेला भुवईवर बसला. आठ वर्षांचं पोर, रडलं नाही. शर्टाची बाही भुवईवर दाबून माझ्याकडे बघत राहिलं. मी आधी गॅस बंद केला. मग पेला उचलून विसळला, पालथा घातला. हळद दाबली ती त्यानंतर. तेवढ्या वेळात मला काहीही वाटलं नाही. हे आजवर नवऱ्यालाही सांगितलेलं नाही.

डॉक्टर म्हणाले, कपाळामागचा तो भाग आपल्याला आवरून धरतो, तिथे मार बसला की माणूस भडकतो, नाहीतर थिजतो. मला केवढा धीर आला! म्हणजे ती मी नव्हते. घरोघरी हेच सांगत सुटले.

पण २०११ साली, बाळंतपणानंतर, मी सात महिने उदासीनतेच्या गोळ्या घेतल्या होत्या. माहेरी, लपवून. तेव्हा डोक्याला काय लागलं होतं? अपघात सांगताना मान ताठ राहते, त्या गोळ्या सांगताना राहत नाही, म्हणून मी अर्धंच सांगत आले. ते चुकलं.

तरीही 'म्हणजे आधीपासूनच होतं' म्हणू नका. डेन्मार्कमधल्या २०१४ च्या अभ्यासात डोक्याला मार लागलेले १,१३,९०६ जण होते. त्यांच्यात नैराश्याचं प्रमाण इतरांपेक्षा ५९ टक्क्यांनी जास्त आढळलं. हा आकडा मला पाठ आहे. पण माझ्यातलं किती त्या रस्त्यावरचं आणि किती माहेरच्या त्या खोलीतलं, ते त्यातून निघत नाही. बाळंतपणात मी दिवसदिवस भिंतीकडे तोंड करून पडून असायचे, पण कुणावर हात उगारला नव्हता. एवढं मात्र मी छातीवर हात ठेवून सांगेन. की हीसुद्धा फाइलच पुढे करतेय?

मुलगा आता चौदाचा आहे. भुवईत एक रेघ राहिली आहे, तिथे केस येत नाहीत. कुकर लावला की तो आतून हाक मारतो, "आई, आता शिट्टी होईल हं."